दोन रिंगा द्या, ठेवून द्या

३ एप्रिल १९९८, शुक्रवार

यंत्र उठलं! दुपारी मुजफ्फरने त्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून दोन रिंगा दिल्या आणि फोन ठेवला. इकडे टेबलाखाली माझ्या रिलेचा खटका खट् वाजला, कॉम्प्युटरला वीज मिळाली, पडदा उजळला आणि खेळ उघडून तयार. दोन मिनिटांनी मुजफ्फरने परत फोन लावला, तो मोडेमने स्वतः उचलला आणि पडद्यावर त्याचं नाव उमटलं. मी एकटाच टाळ्या वाजवत उभा राहिलो. वृषालीने आतून विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "पाहुणा आला की आपोआप जागं होणारं नगरातलं पहिलं घर आपलं." तर म्हणते, "पाहुण्याला चहा टाकू का?" हिच्यापुढे बोलून उपयोग नाही.

या वहीत सगळं नीट लिहून ठेवायचं ठरवलंय. तंत्रनिकेतनातल्या माझ्या सहकाऱ्यांनी आयुष्यात इस्त्रीची वायर सोडून काही जोडलेलं नाही, तेव्हा कौतुक करणारा मीच.

खेळाचं नाव 'टँकर'. प्रत्येक खेळाडू एका गावाचा सरपंच. विहिरी आटलेल्या. दुसऱ्याचे टँकर पळवायचे आणि आपलं गाव जगवायचं. रोज येऊन पाणी वाटलं नाही तर गावातली माणसं मरू लागतात. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि मोडेम आहे त्याने आपल्या फोनवरून माझ्या घरी फोन लावायचा आणि खेळायचं. लाइन एकच, म्हणून एका वेळी एकच.

आमच्या सावेडीच्या घरी वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवला की हार्ड डिस्क भाजून निघते. गेल्या वर्षी एक तशीच गेली. म्हणून ही युक्ती. खेळाडू नसेल तेव्हा यंत्र झोपलेलं. खेळाडूने दार वाजवल्यासारख्या दोनच रिंगा द्यायच्या, ठेवून द्यायचं, मग दोन मिनिटांनी आत यायचं. झोपेत असताना दोनाहून जास्त रिंगा वाजल्या तर यंत्राला कळतं की हा साधा बोलणारा माणूस आहे, आणि ते उठत नाही. कुणी नसलं की थोड्या वेळाने परत झोपतं. इतका शहाणा तर माझ्या वर्गातला एकही विद्यार्थी नाही.

७ एप्रिल

चिठ्ठ्या छापून वाटल्या. वर मोठ्या अक्षरात: दोन रिंगा द्या, ठेवून द्या. वेळ संध्याकाळी चार ते सात. इंजिनिअरिंगची पोरं आली, मुजफ्फर आहेच, आणि आता एक दातांचे डॉक्टर आलेत. डॉक्टरांचा स्वभाव फार छान. पहिल्याच दिवशी त्यांनी शेजारच्या गावाचा टँकर पळवून रस्त्यात पाणी ओतून दिलं. म्हणाले, "मला नको होतं, त्याला मिळू नये एवढंच."

९ एप्रिल

वृषालीची कटकट. तिचं म्हणणं, दोन रिंगा आमच्या आहेत. आमच्या म्हणजे तिच्या माहेरच्या. तिचा भाऊ सहादेव राजूरच्या वर डोंगरातल्या वाडीत राहतो, तिथे फोन नाही. बाजारच्या दिवशी तो राजूरला उतरतो, छगनच्या एसटीडी बूथवरून आमच्या घरी दोन रिंगा देतो आणि ठेवून देतो. उचललाच नाही तर त्याला पैसे पडत नाहीत. मग ही इथून बूथवर फोन लावते आणि बहीणभाऊ बोलतात. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. अर्धा महाराष्ट्र अशाच रिंगा देतो, त्यात हिच्या माहेराची मालकी कुठून आली?

पण यंदा म्हणे वेगळं आहे. धाकटी बहीण माधुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, म्हणून सहादेव हल्ली बाजार नसला तरी मध्येच खाली उतरतो. मागे तपासलं तेव्हा तिचं ब्लडप्रेशर जास्त निघालं. वृषाली दवाखान्यात सिस्टर असल्याने तिच्या डोक्यात नको ते सगळं येतं. लग्नाआधी ती संगमनेरला ज्या डॉक्टरीणबाईंकडे कामाला होती त्यांच्याशी तिने बोलून ठेवलंय. सहादेवच्या रिंगा आल्या, तब्येत बिघडल्याचं कळलं, की हिने बाईंना फोन करायचा आणि बाई राजूरला गाडी पाठवणार.

"तीन रिंगांचं करा ना," ती म्हणाली.

"जमत नाही."

"मग चार ते सातमध्ये नको. तो त्याच वेळेला खाली असतो."

"त्याला सातनंतर करायला सांग."

"वाडीवर जाणारी शेवटची जीप सहाला सुटते."

"मग सकाळी."

"सकाळी मी ड्युटीवर असते."

"म्हणजे दोष तुझ्या ड्युटीचा आहे. माझ्या यंत्राचा कुठे आला?"

इथे खरं लिहायला हरकत नाही. तीन करायला एक तार इकडची तिकडे करावी लागते, चहा निवायच्या आत होईल. पण चिठ्ठ्या वाटून झाल्या आहेत. आणि माझ्या यंत्राने काय राजूरच्या बूथला विचारून चालायचं?

१४ एप्रिल

जयंती. वृषाली मिरवणुकीला गेली. मी गेलो नाही, कारण सुटीमुळे खेळाडू भरपूर. डॉक्टरांचं गाव सगळ्यांत पुढे आहे. आज एक गोष्ट खटकली. दोन रिंगा आल्या, यंत्र उठलं, तयार होऊन बसलं आणि आलंच नाही कुणी. बराच वेळ पडदा नुसता उजळून बसला होता. मग झोपलं. कुणीतरी हूल दिली.

१८ एप्रिल

आज मात्र हद्द झाली. दोन रिंगा वाजल्या की वृषाली स्वयंपाकघरातून पळत येते आणि राजूरच्या बूथला फोन लावते. आजच्या रिंगा डॉक्टरांच्या होत्या. त्यांनी परत लावला तेव्हा लाइन एंगेज. पुन्हा लावला, तरी एंगेज. ही बाई छगनशी बोलत होती, "सहादेव आहे का हो तिथं?" तेवढ्यात डॉक्टरांच्या गावातली निम्मी माणसं तहानेने मेली. त्यांनी नंतर मला जे ऐकवलं ते एका दाताच्या डॉक्टरकडून अपेक्षित नव्हतं.

मी फोनची एसटीडी बंद करून टाकली. कोड फक्त मला ठाऊक. वृषालीला सांगितलं, लांबचा फोन करायचा असेल तर मला विचारायचं. ती स्वयंपाकघरात निघून गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२२ एप्रिल

बाईसाहेबांनी नवा मार्ग काढलाय. दोन रिंगा वाजल्या की चपला घालून जिना उतरायचा आणि कोपऱ्यावरच्या बूथवर पळायचं. तिथून राजूर. परत येते तेव्हा धाप लागलेली असते. विचारलं की म्हणते, "नव्हता तो." नसणारच, खेळाडू होता! एका संध्याकाळी चार-पाच फेऱ्या होतात. व्यायाम चांगला आहे, असं मी म्हणालो. खालची मंडळी हसतात.

आज राजूरचा छगनही तिच्यावर खेकसला. तिनेच सांगितलं. "ताई, दर घडीला काय फोन लावताय? हितं गिऱ्हाईक उभं ऱ्हातं. सहादेव आला तर मी काय त्याला खाऊन टाकनार हाय का?" तरी तिने त्याच्याकडे निरोप ठेवला. सहादेवला सांगा, दोन रिंगा नको देऊस, सरळ वाजू दे. छगन म्हणाला, "सांगतो."

मग झालं की! हे तिने आधीच करायला हवं होतं.

२६ एप्रिल

हूल देणारा पुन्हा येऊन गेला. यंत्र उठवतो आणि आत शिरत नाही. माझा संशय मुजफ्फरवर आहे. माझी यंत्रणा त्याला बघवत नाही, कारण सुटे भाग त्याच्याकडचे आणि नाव माझं. शिक्षा म्हणून मी आतूनच त्याचे दोन टँकर जाळून टाकले.

संध्याकाळी तो घरी आला, तोंड पडलेलं. "सर, खुदा कसम, मी हूल नाही दिली. तुमच्याच घरचं कुणी असेल. वहिनींच्या माहेरचे रिंग देतात ना?"

म्हटलं, "माझ्या घरचे लोक खेळत नाहीत."

"खेळत नाहीत म्हणूनच म्हणतो. तीन रिंगांचं करून टाका. मी करून देतो, लगेच."

माझ्या यंत्राला हात लावायला निघाला! मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. वृषालीने विचारला, तो घेतला नाही. जाताना म्हणाला की आता खेळणार नाही. नको खेळूस. त्याच्या गावची माणसं आता रोज मरतील, मी ते मजेत बघेन.

३० एप्रिल

वृषालीला आज सहादेव बूथवर सापडला, नशिबाने. माधुरीच्या पायांना सूज आहे, अंगठी निघत नाही. वृषालीने त्याला बजावलं, डोकं दुखायला लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर क्षणभर थांबायचं नाही, राजूरला आणायचं आणि मला फोन करायचा. गाडी मी पाठवते.

घरी येऊन तिने माझ्याकडे कोड मागितला. मागितला कसला, हात जोडले. मला ते आवडलं नाही. नवरा काय साहेब आहे का हात जोडायला? म्हटलं, दहा तारखेला स्पर्धेची अंतिम फेरी आहे, ती होऊ दे, मग लाइन तुझीच.

"बाळ दहा तारखेची वाट बघेल का?" ती म्हणाली.

"आठवा चालू आहे ना? मग बघेल."

४ मे

आज रिंगांच्या नादात तिने दूध गॅसवर ठेवलं आणि खाली पळाली. दूध ऊतू गेलं, गॅस विझला, वास घरभर. जीव गेला असता दोघांचा. मी फोन उलटा केला आणि बेलचा खटका बंद करून टाकला. आता रिंग फक्त यंत्राला ऐकू येते, माणसाला नाही. मोडेम फोन उचलताना किंचाळतो, त्याचाही स्पीकर बंद केला, तिचं डोकं दुखतं म्हणून. घरात इतकी शांतता कित्येक दिवसांत नव्हती. मी हे तिच्याच भल्यासाठी केलं आणि तरी ती भिंतीकडे तोंड करून बसली.

फोनशेजारी स्टूल टाकून बसते आता. मधूनमधून रिसीव्हर उचलून कानाला लावते. त्याने खेळाडूचा खेळ तुटतो हे शंभरदा सांगितलं.

८ मे

बाजारचा दिवस. दुपारी दवाखान्यातून माणूस आला. एक सिस्टर आजारी पडली, वृषालीला संध्याकाळची ड्युटीही करायला बोलावलंय. ती जायला तयार नव्हती. पदराशी चाळा करत दारात उभी. मला म्हणाली, "आज सहादेव राजूरला येईल. बेल चालू करा. फोन आला तर उचला. तिचं काही कमीजास्त असेल तर संगमनेरला बाईंना फोन करा, नंबर भिंतीवर लिहिलाय. एवढं करा माझ्यासाठी."

"करतो."

"शपथ?"

"अगं, मी फोनसमोरच बसलेला असणार आहे. माझ्यापेक्षा जास्त लक्ष कोण ठेवणार?"

गेली बिचारी. बेल चालू करायची खरोखर मनात होती. पण आज उपांत्य फेरी, डॉक्टर आणि एक पोरगा. बेल वाजायला लागली की हात आपोआप फोनकडे जातो आणि खेळ मोडतो.

पाचच्या सुमारास हूल देणारा आला. दोन रिंगा, यंत्र जागं. मी पडद्यासमोर बसून होतो, म्हटलं, आज तुला बघतोच. जरा वेळाने फोन आला, मोडेमने उचलला, लाल दिवा लागला. पण पलीकडे मोडेम नाहीच! पलीकडून काही जुळेना. आमचा बिचारा पाऊण मिनिट हाका मारून थकला आणि त्याने लाइन सोडली. लगेच पुन्हा फोन. पुन्हा तेच. पुन्हा फोन. म्हणजे हा निव्वळ छळायला आलेला. टेलिफोन खात्याचा कुणी असेल का? घरून असलं काही चालवायला परवाना लागतो म्हणे. क्षणभर असंही मनात आलं, राजूर तर नव्हे? पण राजूरवाले दोन रिंगा देऊन गप्प वाट बघतात, आणि वृषालीने नंतर धाडलेला निरोप तर सरळ वाजू दे असा आहे. हा दोन्ही करत होता. दोन रिंगा देऊन वर परत परत येत होता. हे काही त्यांचं काम नव्हे.

मग मला गंमत सुचली. मी मोडेमला लाइन धरून ठेवायला लावलं. बस म्हटलं आता एंगेजचा आवाज ऐकत! चांगला तासभर तसंच ठेवलं. डॉक्टरांचा खेळ साडेसहाला सुरू झाला, त्यांनी पोराचं गाव साफ केलं. अंतिम फेरीत डॉक्टर.

वृषाली आली ती चप्पल न काढताच. "काही आलं?"

"काही नाही."

तिने इतका मोठा श्वास सोडला की मलाही बरं वाटलं. जेवायला तिने बऱ्याच दिवसांनी पिठलं केलं आणि मला आग्रहाने वाढलं.

१० मे

अंतिम फेरी झाली. डॉक्टर जिंकले. तीस सरपंचांमधून एकटं त्यांचं गाव जगलं, तेही फार नाही. पण दिवसभर कसला तो त्रास! काल आणि आज हूल देणाऱ्याने यंत्र सारखं उठवलं. सकाळी, दुपारी, वेळ ना काळ. डॉक्टरांनाही दोनदा बाहेर राहावं लागलं. आता त्याच्यासाठी काहीतरी कायमचा बंदोबस्त करावा लागेल.

वृषालीला संध्याकाळी कोड देऊन टाकला, दिलेला शब्द पाळला. तिने तेव्हाच राजूरला लावला. बूथ बंद होता, नुसतं वाजत राहिलं.

११ मे, सोमवार

आज बुद्धपौर्णिमा. लिहायला बसलोय. झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी वृषाली पांढरी साडी नेसून विहारात जायला निघाली होती. दार उघडलं तर पायरीवर सहादेव. दाढी वाढलेली, डोळे लाल. कधी आला कुणास ठाऊक, बेल न वाजवता बसून होता. तिने विचारलं, "माधुरी?" त्याने मान हलवली. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

मी पाणी आणलं. त्याने घेतलं नाही. माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"बाजारच्या दिशी दुपारीच तिचं डोकं लई दुखाया लागलं. मनली, दिसंना. जीपमधी घालून राजूरला आनली, छगनच्या बाकड्यावर निजवली. छगन मनला हुता, सरळ वाजू दे. पन मी आदी दोन रिंगा दिल्या. सवयच ती, ताई. जरा वाट बगितली. मग मनलं पैशाचं जाऊ दे, आनि लावला. उचालला. मी जय भीम घातला. तर आतून नुसतं किंचाळतंय. कुनी मानूस न्हाई, काय न्हाई. ठिवला, परत लावला. परत तेच."

वृषाली त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"माधुरी मनली, माज्याकडं दे, ताई हाय पल्याड, तिला आवाज येत नसंल, माजा वळखंल. तिच्या कानाला लावला. ताई ताई करत हुती, लई वेळ. ते किंचाळतच हुतं. मग ती बी रडाया लागली. त्येच्या फुडं फोन लागंनाच. कवर वाट बगनार? जीप केली, सवताच निगालो. अकोले गावच्या अलीकडं आकडी आली तिला. संगमनेरला पोचस्तवर..." तो थांबला. "बाई मनल्या, घंटाभर आदी कळलं आस्तं तर गाडीतच विंजेक्शन दिलं आस्तं. पोरगी काडली. काचंत हाय. आईनं मातीला थांबायला लावलं हुतं, ताई येईल मनून. दोन दिस फोन लावला. मानूस कुनी बोलंना. मग काय करनार."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, ते इथे लिहितो. वाईट वाटलं आणि भीती वाटली. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी सहादेवला समजावून सांगितलं की ते किंचाळणं म्हणजे मोडेमची हाक असते, तो पलीकडच्या मोडेमला ओळख विचारतो, माणसाशी त्याचं काही वैर नसतं. तो ऐकत होता की नाही कुणास ठाऊक.

वृषाली म्हणाली, "यांचं कॉलेजमध्ये काहीतरी काम निघालं असेल रे. घरात कुणी नसेल तेव्हा." ती मला वाचवत होती. अजूनही, त्या अवस्थेत. मग मला म्हणाली, "किती वेळ ओरडतं ते?"

"पाऊण मिनिट."

"आणि चारदा ऐकलं या दोघांनी."

"तीनदाच," मी म्हणालो. "चौथ्यांदा मी लाइन अडवून धरली होती."

चूक दुरुस्त करायची सवय, वर्गातली. बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की मी काय बोललो. सहादेवला कळलं नाही. तिला कळलं.

"तुम्ही तिथे बसला होता?"

मी म्हणालो की उपांत्य फेरी होती.

ती उठली, भिंतीवरचा संगमनेरचा नंबर एका कागदावर उतरवून घेतला, कपाटातून तिच्या पगाराचे पैसे आणि दोन झबली काढली. झबली कधी शिवली होती, मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, मी येतो बरोबर. सहादेवने मान वर केली, "या की दाजी." त्याला बिचाऱ्याला वाटलं, मी यावं.

"नको," वृषाली म्हणाली. "यांना इथं काम आहे."

ती दोघं जिना उतरून गेली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ती रिक्षात बसेपर्यंत हाक मारता आली असती, पण काय म्हणून मारावी ते सुचलं नाही.